तीन रिव्हेटांचं पातं

भोपाळ,
११ डिसेंबर १९८१

प्रिय रजूताई,

आज सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला आणि बाबा सायकल काढून कामावर गेले. संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले, आणि आता मागच्या अंगणात कोथिंबिरीच्या वाफ्याला पाणी घालतायत. एवढंच कळवायचं तर पोस्टकार्ड पुरलं असतं. पण हे साधं वाक्य लिहिताना मला किती हलकं वाटतंय ते पोस्टकार्डावर मावणार नाही, म्हणून वहीचे कागद फाडून बसले आहे. आई स्वयंपाकघरात मेथी चिरतेय. पाटावर तो आवाज येतोय, तुझ्या-माझ्या ओळखीचा. पात्याचं टोक पाटाला टेकलेलं, मूठ खालीवर होणारी, आणि मधलं गोल पोट पाळण्यासारखं डोलत जाणारं. गेले काही दिवस हा आवाज घरात नव्हता. आई गुडघे धरून विळीवर बसत होती आणि ते 'कर्र कर्र' मला ऐकवत नव्हतं.

तुला कोणी काही कळवलं नाही, कारण बाबांनी बजावलं होतं. म्हणाले, तिच्या अंगावर बाळ आहे, तिच्या जिवाला घोर लावू नका. आता घोर संपला आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. बाबांना कामावरून घरी बसवलं होतं. चोरीच्या आरोपावरून. आणि तो आरोप त्यांच्यावर आणला कोणी, तर मीच. भर मेळाव्यात, माइकवरून, टाळ्यांच्या अपेक्षेनं.

आपटेवहिनी तुला आठवत असतील, लेडीज क्लबच्या सेक्रेटरी. त्यांनी या वर्षी ठरवलं की महिला मेळाव्यात साहेबांच्या बायका खुर्च्यांवर आणि कामगारांच्या लाइनीतल्या बायका सतरंजीवर असं असलं तरी कार्यक्रम दोघींना उपयोगी पडेल असा हवा. त्यांनी मला बोलावून सांगितलं, तू आपल्या लाइनीतली बी.एस्सी. झालेली मुलगी, तूच काहीतरी करून दाखव. मला तर आभाळ ठेंगणं झालं. तू माझ्यावर हसशील, पण मला खरंच वाटलं की शिकलेल्या मुलीनं हेच करायचं असतं, शिकलेलं घराघरात पोचवायचं. मी विषय घेतला 'वाया काही जाऊ नये'. भाषण हिंदीत, प्रात्यक्षिकासह. आईचा पाट, कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, मेथी, मुळे, आणि आईचं पातं घेऊन मी स्टेजवर चढले.

सुरुवात छान झाली. मी आधी क्लबच्या किचनमधली दुकानची सुरी घेतली आणि कोथिंबीर चिरून दाखवली. बोथट सुरीखाली पानं कापली जात नाहीत, चेंगरतात, पाटावर हिरवं पाणी सुटतं आणि सगळा वास पाटालाच लागतो. मग आईचं पातं घेतलं. टोक टेकवलं, डावा तळवा पात्याच्या पाठीवर ठेवला आणि डोलवत गेले. ताई, ती कोथिंबीर अशी बारीक आणि कोरडी पडली की पुढच्या रांगेतल्या बायका वाकून बघायला लागल्या. मग मुळा हातात धरून उभ्या-आडव्या चिरा देत कोचवला. देठं चटणीत, मुळ्याचा पाला भाजीत, असं सगळं सांगून झालं. आणि मग मला सुचलं, किंवा आधीपासूनच ठरवलं होतं म्हण, की सगळ्यात मोठं उदाहरण तर माझ्या हातातच आहे. मी पातं वर धरलं आणि म्हणाले, "और ये चाकू देखिए. मेरे पिताजी ने अपने हाथ से बनाया है. हमारे ही कारखाने की लोहा काटनेवाली आरी का घिसा हुआ ब्लेड, जो कचरे में जाता. देखिए, कुछ भी बेकार नहीं होता."

सभागृह गप्प झालं. मला वाटलं, भारावले. सतरंजीवरच्या बायकांनी माना खाली घातल्या, काही जणी पदर सारखा करायला लागल्या, आणि पुराणिककाकू तर चक्क चप्पल शोधायला लागल्या. पहिल्या खुर्चीवर मिसेस भदौरिया होत्या. भदौरिया साहेब म्हणजे आपले सिक्युरिटीचे मोठे अधिकारी. त्या गोड हसून म्हणाल्या, "बेटी, पिताजी कौनसे शॉप में हैं?" आणि मी त्यांना कारखान्यातल्या शॉपचं नाव सांगितलं, बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, शांताराम खैरनार, फिटर. वर हेही सांगितलं की ते आता दोन वर्षांत रिटायर होतील. आपटेवहिनींनी एकदम टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि त्या एकट्याच बराच वेळ वाजवत होत्या.

आपल्या लाइनीत असं पातं नसलेलं घर नाही हे तुला माहीत आहे. सरकारी कारखान्याच्या गेटमधून एक खिळासुद्धा बाहेर आणणं ही चोरी आहे, आणि झिजलेली पाती डब्यातून, पोळ्यांखालून, बाहेर येतात, हेही लहान पोरांपासून सगळ्यांना माहीत आहे. फक्त ते कोणी बोलत नाही. पुराणिककाकांच्या डब्याचा खालचा कप्पा इतरांपेक्षा लांबट का आहे, हे आपण दोघींनी शाळेत असतानाच ओळखलं होतं आणि तोंडावर हात ठेवून हसलो होतो. आणि बाबाही तसंच आणत असणार, हे आपण गृहीतच धरलं होतं. मी तर कॉलेजात भ्रष्टाचारावर बोलून ढाल आणली, ती ढाल भिंतीवर आहे, आणि तिच्याखाली उभं राहून त्याच पात्यानं रोज कोशिंबीर करत होते. दोन्ही गोष्टी एका वेळी डोक्यात कशा राहू शकल्या, मला सांगता येणार नाही. मला वाटतं, घरातल्या गोष्टींना आपण पुस्तकातले शब्द लावतच नाही.

त्या संध्याकाळी लाइनीतली सगळी पाती नाहीशी झाली. कोणी कोळशाच्या पोत्यात घातलं, कोणी नेहरू नगरला भावाकडे पाठवलं. पुराणिककाकूंनी त्यांचं पातं पिठाच्या डब्यात खुपसलं आणि दुसऱ्या दिवशी विसरून तिथेच हात घातला. बोटाला मोठी पट्टी आहे, आणि कोणी विचारलं तर सांगतात, विळीनं कापलं. नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. एकदा मात्र थांबलं नाही. कोणीतरी मागून म्हणालं, "काय ग बी.एस्सी., पुढचं भाषण कशावर? आमच्या घरच्या पितळी नळांवर का?" आणि दुसरी म्हणाली, "बोलने दो, इसको तो इनाम मिलेगा." मी बादली अर्धीच भरून घेऊन आले.

मग सिक्युरिटीचा माणूस घरी आला. अदबीनं बोलत होता बिचारा. त्यानं पातं मागितलं, आईनं ते पुसून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. बाबांना निरोप दिला की चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. तेवढंच. पण तेवढ्यात सगळं आलं ना. नोकरी गेली तर हे क्वार्टर गेलं, रिटायर होताना जे मिळायचं ते गेलं, आणि चोर म्हणून गावाकडे परत जायचं. बाबा मला रागावले नाहीत. तेच जास्त कठीण होतं. ते सकाळी भोंग्याच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि अंगणात खुर्ची टाकून बसायचे. वाफ्यातलं गवत काढायचे. गवत संपल्यावरही काढत राहायचे.

मी ठरवलं की आपण भदौरिया साहेबांकडे जायचं आणि चूक आपली आहे असं सांगायचं. साडी नेसून तयार झाले. पण दारात येऊन थांबले, कारण पुढे काय बोलायचं ते सुचेना. बाबांनी पातं आणलं नाही म्हणावं, तर ते खोटं, आणि मीच तर ते माइकवर सांगितलं होतं. आणलं पण माफ करा म्हणावं, तर मी त्यांच्या चोरीची साक्षच देणार. प्रामाणिकपणाबद्दल मला इतकं बोलता येतं, आणि माझ्याच बापासाठी एक खरं वाक्य सापडेना. मी साडी बदलली आणि कणीक मळायला घेतली.

चौकशीला बाबा गेले तेव्हा मी बरोबर यायचा हट्ट धरला. ते म्हणाले, "तू घरी थांब, आईला कोशिंबीर करून दे." पुराणिककाकांना मात्र साक्षीला बोलावलं होतं, एकाच शॉपमधले म्हणून. तिथे जे घडलं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे, आणि तू काकांना ओळखतेस, ते साध्या गोष्टीलाही मीठमसाला लावतात. पण या वेळी ते हळू आवाजात, जसं झालं तसंच सांगत होते.

टेबलावर फडक्यात पातं. भदौरिया साहेब म्हणाले, "खैरनारजी, आपकी बिटिया तो पूरे हॉल में बता चुकी है. अब आप बताइए, गेट से कैसे निकाला?" बाबा म्हणाले, "निकाला नहीं साहब. बाहर से लिया है." साहेब म्हणाले, "सब यही कहते हैं." काका म्हणतात, मला वाटलं शांताराम आता अडकला. बाबांनी विचारलं, एक हातोडी आणि एक पंच मिळेल का. मागवून दिलं. बाबांनी पातं टेबलाच्या कडेवर धरलं आणि मुठीचे तिन्ही रिव्हेट एकेक करून ठोकून काढले. बाबा मूठ बसवताना रिव्हेट नेहमी त्रिकोणात घालतात, दोन मागे एक पुढे, तुला माहीत आहेच. लाकडाचे दोन तुकडे वेगळे झाले आणि खालचं पोलाद उघडं पडलं. त्यावर शिक्का ठोकलेला होता. आपल्या कारखान्याचा नव्हता. कुठल्यातरी साखर कारखान्याचा, जो कधीच बंद पडला आणि ज्याचं सगळं भंगार लिलावात विकलं गेलं. साहेबांनी बाबांच्या शॉपमधून एक झिजलेलं पातं मागवलं आणि शेजारी ठेवून पाहिलं. कारखान्याचं रुंद, हे अरुंद. टोकाचं भोकसुद्धा वेगळं.

रजूताई, बाबा ती पाती जुन्या शहरातून, कबाडखान्यातल्या रशीद मियाँकडून विकत आणत होते. पहिल्यापासून. आठवतं, रविवारी सकाळी ते सायकलवर टांग टाकून जायचे आणि दुपारी जिलबीचा पुडा घेऊन यायचे? आपल्याला वाटायचं, मित्रांकडे जातात. ते लोखंडाच्या ढिगात बसून एकेक पातं वाकवून, वाजवून बघत असायचे. साखर कारखान्याचा अख्खा ढीग रशीद मियाँकडे आला होता, तोच अजून पुरतो आहे. काका म्हणतात, चौकशीसाठी रशीद मियाँनाही बोलावलं, तर ते आल्या आल्या बाबांना म्हणाले, "को खाँ, इत्ते बरस में आज पता चला तुम कारखाने में हो. मैं तो समझता था चक्कू-छुरी की दुकान है तुम्हारी." साहेबांनासुद्धा हसू आलं म्हणे.

मग साहेबांनी जे विचारायचं तेच विचारलं. "तो इतने साल किसी को बताया क्यों नहीं? पूरी लाइन समझती है कि माल अंदर का है." बाबा म्हणाले, "किसीने पूछा नहीं साहब." साहेबांनी पुढे विचारलं, "और बाकी घरों में जो हैं, वो भी कबाडखाने के हैं?" ताई, त्या खोलीत पुराणिककाका बसले होते. त्यांचा लांबट डबा शॉपमध्ये खुंटीला टांगलेला होता. बाबांनी लाकडाचे दोन तुकडे फडक्यात नीट गुंडाळले आणि म्हणाले, "साहब, मैं दूसरों का डिब्बा नहीं खोलता." भदौरिया साहेबांनी पातं उचलून बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, ठीक आहे, उद्यापासून कामावर या.

आणि आता सगळ्यात मजेची गोष्ट. मिसेस भदौरियांनी बाबांचं शॉप का विचारलं होतं माहीत आहे? त्यांना तसं पातं हवं होतं. घरी जाऊन जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या की अमुक शॉपमधल्या खैरनारांना सांगून मलाही एक करून आणा, आरीच्या ब्लेडचं असतं, फार छान चिरतं. साहेबांच्या हातातला घास तिथेच थांबला म्हणे. एकदा कानावर आल्यावर ते गप्प कसे बसणार, त्यांची नोकरीच ती. बाई बिचाऱ्या त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलत नव्हत्या. आता साहेबांनीच बाबांना विचारलंय की पुढच्या रविवारी रशीद मियाँकडे जाल तेव्हा मला बरोबर न्या, ब्लेड मी माझ्या डोळ्यांनी निवडेन. बाबा म्हणाले, चला, पण सायकलवर यावं लागेल.

पुराणिककाका हे सगळं सांगून उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. आईला म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं मी माझं पातं धार लावायला त्याच्याकडे देत होतो. त्यानं एकदासुद्धा तोंड वाकडं केलं नाही." आई म्हणाली, "चहा घ्या." आणि आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकांनी आपला डबा उघडून आधी बाबांच्या पुढे धरला म्हणे आणि म्हणाले, बघ बाबा, वांगंच आहे. दोघंही हसले. बाबांनीच मगाशी सांगितलं, वाफ्याला पाणी घालता घालता.

आईला हे पहिल्यापासून माहीत होतं. मी चिडलेच तिच्यावर. म्हटलं, मग इतके दिवस गप्प का होतीस, नळावर माझी काय अवस्था झाली ते बघत होतीस ना. ती म्हणाली, "नळावर काय सांगू? आमचं विकतचं आहे म्हणून? म्हणजे मग बाकीच्यांचं कुठलं, हे मीच बोलल्यासारखं झालं असतं. पुराणिकांच्या घरात मला पुन्हा हळदीकुंकवाला जाता आलं असतं का?" तिला भीती होती ती निराळीच. शिक्का दाखवूनसुद्धा साहेबांनी विश्वास ठेवला नाही तर, ही. मी म्हटलं, लाइनीला नाही तर नाही, पण निदान आम्हा मुलींना तरी सांगायचं होतं. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?"

साडी नेसून दारात उभी होते तेव्हासुद्धा मी बाबांना विचारलं नव्हतं. आणि विचारलं असतं तरी मी काय विचारलं असतं, ते मला पक्कं माहीत आहे. 'कसं आणलंत' असं विचारलं असतं. 'आणलंत का' असं नाही.

काल संध्याकाळी बाबा मागच्या ओट्यावर मूठ पुन्हा बसवत होते. भिंतीला ठोकलेलं ते हातानं फिरवायचं धारेचं चाक अजून तिथेच आहे, ज्याचा दांडा तू फिरवायचीस आणि मी पेल्यातून थेंब थेंब पाणी सोडायचे, पातं तापून पोलादाचं पाणी उतरू नये, ते मऊ पडू नये म्हणून. बाबांनी पात्याची धारही सारखी करायला घेतली, म्हणून मी दांडा फिरवायला बसले. तेवढ्यात मी विचारलं, जरा उशिराच म्हण. बाबा, शॉपमध्ये फुकट पडलेलं असताना तुम्ही इतक्या लांब का जायचात? ते पाणी सोडत म्हणाले, "सुटी झाली की गेटवर रोज हात वर करून झडती द्यावी लागते. हात वर असतात तेव्हा माझ्याकडे काही नसतं, एवढं मला पुरतं." मग पात्याच्या पोटाची गोलाई डोळ्यासमोर धरून बघत राहिले. मी दांडा फिरवत राहिले.

आता मी हे पत्र का लिहायला घेतलं ते सांगते. मे महिन्यात बाळाच्या बारशाला मी अकोल्याला आले होते, तेव्हा तू मला ट्रंकेतून दुपटी काढायला सांगितलंस. दुपट्यांच्या खाली, तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी हाताला लागलं. मी सुतळी सोडली नाही. हाताला त्रिकोणातले तीन रिव्हेट लागले, तेवढं पुरलं. त्याच दिवशी तू विळीवर बसून शेपू चिरत होतीस, आणि बाबांना दर पत्रात तू लिहितेस की तुमचं पातं छान चालतंय. मी काही बोलले नाही, कारण मला तुझ्या लग्नातलं ते आठवलं. बाबांनी रुखवतात पातं ठेवलं होतं, लाइनीतल्या प्रत्येक मुलीच्या रुखवतात ठेवतात तसं, आणि तुझ्या सासऱ्यांनी ते उचलून सगळ्यांसमोर हसत म्हटलं होतं, "वा, सरकारी माल आता आमच्याकडे." सगळे हसले. बाबाही हसले. तू मुंडावळ्यांमधून माझ्याकडे पाहिलंस आणि मी दुसरीकडे पाहिलं. तू ते ट्रंकेत ठेवलंस यात तुझं काही चुकलं नाही, मी असते तरी हेच केलं असतं. आपण दोघीही बाबांवर जीव टाकत होतो आणि दोघींनाही तेच वाटत होतं, फक्त एकमेकींना बोललो नव्हतो. काल शेवटचा रिव्हेट ठोकताना बाबा म्हणाले, रजूच्या पात्याची मूठ आता सैल झाली असेल, रोजच्या वापरानं होते, जरा विचार तिला. मी हो म्हटलं. म्हणून विचारते आहे. तुझ्या मुठीखालीही तोच शिक्का आहे ताई, उघडून बघायची गरज नाही. ते वर काढ. गंज चढला असेल तर चिंचेनं घास आणि खोबरेल लाव. सासऱ्यांना काही सांगितलं नाहीस तरी चालेल, फक्त त्यांच्या पानात त्या पात्यानं चिरलेली कोथिंबीर पडू दे. आणि संक्रांतीला बाळाला घेऊन येशील तेव्हा पातंही घेऊन ये. चाकाचा दांडा तू फिरव, पाणी मी सोडीन.

तुझीच,
अलका